पलटणीचा इतिहास आणि घरातला फौजी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, सातारा, नगर आणि कोकण या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसं देणारी घरं गावोगाव आहेत. ट्रंकेत पदक असतं, भिंतीवर गणवेशातला फोटो असतो. पण आजोबा नेमके कुठल्या पलटणीत होते आणि ती पलटण तेव्हा कुठे होती, हे विचारलं की घर गप्प होतं. अशा घरांतून सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची जवळजवळ सगळी उत्तरं तिच्यावर उभी आहेत: पलटणीचा नुसता आकडा पुरत नाही, आकड्यासोबत साल लागतं.

१. पलटण, बटालियन, रेजिमेंट आणि युनिट यांत फरक काय?

पलटण आणि बटालियन एकच. साधारण आठशे जवानांची ही तुकडी एकत्र राहते, एकत्र लढते आणि तिचा स्वतःचा इतिहास असतो. अशा अनेक पलटणी मिळून रेजिमेंट होते. रेजिमेंटचं केंद्र, बिल्ला, घोषणा आणि भरती सामाईक असते, पण तिच्या सगळ्या पलटणी एकाच लढाईत नसतात. रिसाला, म्हणजे पूर्वीचं घोडदळ आणि आताचं रणगाडा दल, इथे मात्र रेजिमेंट हीच लढणारी तुकडी असते. ‘युनिट’ हा शब्द या सगळ्यांसाठी सरसकट वापरतात.

म्हणून ‘आजोबा मराठा रेजिमेंटमध्ये होते’ एवढ्यावरून ते कुठे लढले हे सांगता येत नाही. पलटण कळली तर सांगता येतं.

२. घरात फक्त ‘ते मराठा पलटणीत होते’ एवढंच सांगतात. सुरुवात कुठून करू?

घरातूनच करा. दिल्ली-लंडनच्या आधी ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनचा कागद मिळाला तर निम्मं काम झालं. त्यावर क्रमांक, हुद्दा, पलटण आणि भरतीची तारीख असते. कागद नसेल तर पदक पाहा. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर आणि १९१४-१५ च्या ताऱ्याच्या मागच्या बाजूला जवानाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. दुसऱ्या महायुद्धाच्या भारतात वाटलेल्या पदकांवरही बहुतेकदा नाव असतं. मात्र पदक घासून चकचकीत करू नका. दर दसऱ्याला चिंच लावून उजळलेल्या पदकाच्या कडेवरची अक्षरं कायमची जातात, आणि तो पुरावा पुन्हा मिळत नाही.

फोटो असेल तर खांद्यावरची अक्षरं आणि टोपीवरचा बिल्ला भिंगातून बघा. बिगुल दिसला तर लाइट इन्फंट्रीचा विचार करा. फोटोच्या मागे स्टुडिओचं नाव किंवा गाव असतं, तेही टिपून ठेवा.

शेवटी घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारा. ती पलटणीचं नाव सांगणार नाही, पण ‘ते बसऱ्याला होते’, ‘इटलीहून घोंगडी आणली होती’ असं काहीतरी सांगेल. त्यावरून युद्ध कळतं, युद्धावरून साल कळतं.

३. एका कागदावर १०३, दुसऱ्यावर १/५ आणि आता म्हणतात १ मराठा. या तीन पलटणी का?

नाही, एकच पलटण आहे. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून सावकाश सांगतो.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत १७६८ साली शिपायांची एक पलटण उभी राहिली. पुढे ती मुंबईची ३ री देशी पायदळ पलटण झाली. १९०३ मध्ये तेव्हाचा सरसेनापती किचनर याने हिंदुस्थानातल्या सगळ्या फौजांना एकाच क्रमाने आकडे दिले, तेव्हा मुंबईच्या पायदळाच्या आकड्यात शंभर मिळवले. ३ ची १०३ झाली, ५ ची १०५, १० ची ११०. घोडदळात तीस मिळवले, त्याचा उपयोग प्रश्न ७ मध्ये होईल.

१९२२ मध्ये सुट्या पलटणी एकत्र करून मोठ्या रेजिमेंटा केल्या. मराठा पलटणी मिळून ५ वी मराठा लाइट इन्फंट्री झाली आणि तिचं केंद्र बेळगावला बसलं. तेव्हाची वाटणी अशी: १०३ ची १/५ झाली, १०५ ची २/५, ११० ची ३/५, ११६ ची ४/५ आणि ११७ ची ५/५. तिरप्या रेषेच्या आधीचा आकडा पलटणीचा, नंतरचा रेजिमेंटचा. स्वातंत्र्यानंतर रेजिमेंटचा आकडा गेला आणि १/५ ही नुसती १ मराठा लाइट इन्फंट्री झाली. तिलाच जवान ‘जंगी पलटण’ म्हणतात. १७६९ सालची १०५, म्हणजे २ मराठा, ती ‘काळी पाचवी’.

आता साल का लागतं ते कळेल. १८९५ च्या कागदावरची ‘५ वी’ म्हणजे आजची २ मराठा. १९४४ च्या कागदावरचा ‘५’ रेजिमेंटचा असेल किंवा पलटणीचा. आणि आजचा ‘५ मराठा’ म्हणजे जुनी ११७, जिला पहिल्या महायुद्धातल्या कामगिरीबद्दल ‘रॉयल’ किताब मिळाला होता. आकडा तोच, पण तीन काळांत अर्थ वेगवेगळे.

४. आमच्या कागदावर १०/५ आहे. ही दहावी पलटण कुठल्या लढाईत होती?

१९२२ नंतर प्रत्येक रेजिमेंटची दहावी पलटण ही प्रशिक्षणाची असे. जुनी ११४ मराठा बेळगावात १०/५ झाली. तिथे रंगरूट तयार होऊन पुढे लढणाऱ्या पलटणीत जात. तेव्हा १०/५ दिसलं की नंतरची बदलीची नोंद शोधा, खरी पलटण तिथे सापडेल.

५. ‘लाइट’ इन्फंट्री का? आणि रेजिमेंट सिंहगडाचा दिवस का पाळते?

लाइट इन्फंट्री म्हणजे मुख्य फौजेच्या पुढे, हलक्या सामानानिशी, चपळाईने हालचाल करणारं पायदळ. तो मानाचा किताब होता. १८४० मध्ये बलुचिस्तानातल्या काहूनच्या गढीत ५ व्या मुंबई पलटणीच्या तुकडीने महिनोन्‌महिने वेढा सोसला, त्याबद्दल पलटणीला तो मिळाला.

४ फेब्रुवारी हा रेजिमेंटचा दिवस. १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला तो हा दिवस. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही रणघोषणाही त्याच श्रद्धेतून आली. पण वंशावळ लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. शिवकालीन मावळ्यांकडून रेजिमेंट प्रेरणा घेते. तिची कागदोपत्री अखंड परंपरा मात्र १७६८ पासूनची, कंपनीच्या फौजेची आहे. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही लिहिल्याने पलटणीचा मान कमी होत नाही.

६. आम्ही मुसलमान आहोत. पणजोबा ‘मराठा पलटणीत’ होते असं सांगतात, ते कसं शक्य आहे?

अगदी शक्य आहे. पहिल्या महायुद्धाच्या वेळी मराठा पलटणींत देशावरच्या आणि कोकणातल्या मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. रेजिमेंटचं नाव आणि जवानाची जात एकच असेल असं धरून चालू नका. या एका समजुतीमुळे कितीतरी घरं योग्य यादी उघडूनच बघत नाहीत.

७. पूना हॉर्स ही पुण्याची रेजिमेंट ना? मग तिच्यात पुण्याची मुलं का दिसत नाहीत?

नाव पुण्याचं आहे, जन्मही इथल्या घडामोडींतला आहे, पण भरती इथली नाही.

१८१७ च्या पुणे तहाने दुसऱ्या बाजीरावावर एक सहायक घोडदळ लादलं गेलं. ते पूना ऑक्झिलरी हॉर्स. खर्च पेशव्यांचा, हुकूम इंग्रजांचा, आणि काही महिन्यांतच ते पेशव्यांविरुद्ध उभं राहिलं. दुसरी शाखा १८२० ची, मुंबईची ३ री लाइट कॅव्हलरी. या दोघी १९०३ मध्ये ३४ आणि ३३ झाल्या आणि १९२१ मध्ये एकत्र येऊन १७ वी पूना हॉर्स तयार झाली. म्हणून तिचा इतिहास शोधताना १९२१ च्या आधी दोन धागे धरावे लागतात. ८ फेब्रुवारी १८५७ ला इराणमधल्या खुशाबच्या लढाईत ३ ऱ्या लाइट कॅव्हलरीने इराणी पायदळाचा चौकोन घोड्यांनी फोडला. घोडदळाच्या इतिहासात हे फार थोड्यांना जमलं आहे. त्या लढाईत मिळवलेल्या इराणी निशाणावरचा चांदीचा हात रेजिमेंट अजून अभिमानाने जपते.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन लढायांनी तर या रेजिमेंटचं नाव शाळेच्या पुस्तकात नेलं. सप्टेंबर १९६५ मध्ये सियालकोट आघाडीवर फिल्लौरा आणि बुटूर डोगरांडीच्या लढाईत कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर जखमी असूनही मागे गेले नाहीत आणि १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पेटलेला रणगाडा सोडायला नकार देऊन लढत राहिले. वय एकवीस. दोघांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. पुण्याशी दोघांचं नातं आहे: तारापोर पुण्यात सरदार दस्तूर शाळेत शिकले, खेत्रपालांचा जन्म पुण्यातला. रेजिमेंटच्या नावातलं पुणे इतिहासाने आलं, या दोघांच्या आयुष्यातलं पुणे योगायोगाने. तरीही पुणेकराने ही दोन नावं विसरू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

८. खडकीचे बॉम्बे सॅपर्स म्हणजे इंजिनिअर. मग त्यांनी प्रत्यक्ष लढाई केली का?

केली, आणि बहुतेकदा सगळ्यांच्या पुढे राहून. सुरुंग काढणं, पूल बांधणं, रस्ता मोकळा करणं ही कामं शत्रूच्या माऱ्याखाली, पायदळ आणि रणगाडे येण्याआधी करावी लागतात.

खडकीत या गटाचं केंद्र दीडशेहून अधिक वर्षं आहे. १९४१ च्या सुरुवातीला सुदान-अबिसीनिया (आताचा इथिओपिया) सीमेवर याच गटातल्या प्रेमिंद्रसिंग भगत यांनी सलग चार दिवस सुरुंग काढत रस्ता मोकळा केला. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांनी ८ ते ११ तारखेपर्यंत सुरुंग आणि अडथळे दूर करून रणगाड्यांना वाट करून दिली, त्याबद्दल त्यांना परमवीर चक्र मिळालं. कारवारकडच्या या माणसाचं निधन १९९४ मध्ये पुण्यात झालं.

घरातला माणूस सॅपर असेल तर पलटण शोधू नका, फील्ड कंपनीचा आकडा शोधा. भगत २१ फील्ड कंपनीत होते, राणे ३७ असॉल्ट फील्ड कंपनीत. सॅपर्सच्या कंपन्या वेगवेगळ्या डिव्हिजनबरोबर जात, त्यामुळे कंपनीच्या आकड्याशिवाय माणूस हाती लागत नाही.

९. भीमा कोरेगावचा स्तंभ महार रेजिमेंटचा आहे का?

या प्रश्नाला घाईने उत्तर देणारे दोन्ही बाजूंना आहेत, म्हणून कागदावर जे आहे ते क्रमाने सांगतो.

१ जानेवारी १८१८ च्या लढाईत कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखाली मुख्यतः मुंबईच्या पहिल्या पायदळ रेजिमेंटची दुसरी पलटण, पूना ऑक्झिलरी हॉर्सचे स्वार आणि मद्रासच्या तोफखान्याची तुकडी होती. स्तंभावर कोरलेल्या ४९ नावांपैकी २२ नावं ‘नाक’ने संपणारी, म्हणजे महार जवानांची आहेत. महार सैनिकांनी तिथे रक्त सांडलं याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. ते दगडावर लिहिलेलं आहे.

पण आजची महार रेजिमेंट त्या पलटणीची थेट वारस नाही. ती पायदळ पलटण पुढे मुंबईची २ री ग्रेनेडियर, मग १०२ ग्रेनेडियर्स झाली आणि १९२२ मध्ये बॉम्बे ग्रेनेडियर्समध्ये गेली. म्हणजे तिचा कागदोपत्री वारसा आज ग्रेनेडियर्सकडे आहे, ज्यांचं केंद्र जबलपूरला आहे. स्वारांचा वारसा पूना हॉर्सकडे आहे.

मधल्या काळात महारांवर अन्याय झाला. १८९० च्या दशकात इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’च्या सिद्धांतापायी त्यांची भरती बंद केली. त्याविरुद्ध अर्ज करणाऱ्यांत गोपाळबाबा वलंगकर होते आणि पुण्याचे शिवराम जानबा कांबळेही होते. १९१७ मध्ये गरज पडली तेव्हा १११ महार ही पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा विषय लावून धरला. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. रेजिमेंटच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. नंतर त्याची जागा खंजिराने घेतली.

तेव्हा उत्तर असं: कागदोपत्री वंशावळ ग्रेनेडियर्स आणि पूना हॉर्सची, स्मृती आणि प्रेरणा महार रेजिमेंटची, आणि तीही रेजिमेंटने स्वतःच्या बिल्ल्यावर घेतलेली. एकाने दुसरं खोडलं जात नाही.

१०. मग ‘कोरेगाव’ किंवा ‘खडकी’ हे युद्धसन्मान या रेजिमेंटा आज का मिरवत नाहीत?

स्वातंत्र्यानंतर भारतीय सेनेने ठरवलं, की देशातल्याच सत्तांना जिंकताना इंग्रजांच्या बाजूने मिळालेले सन्मान निशाणावर मिरवायचे नाहीत आणि त्यांचे दिवस साजरे करायचे नाहीत. ‘कोरेगाव’, ‘खडकी’, ‘असई’ अशी नावं त्यात येतात. ते इतिहासातून पुसलेले नाहीत, जुन्या याद्यांत आहेत. म्हणून १९४७ आधीच्या यादीत दिसणारा सन्मान आजच्या यादीत नसेल तर छपाईची चूक समजू नका.

११. पणजोबा ‘कुतच्या वेढ्यात’ होते असं घरात सांगतात. हे कसं पडताळायचं?

पुण्याच्या पट्ट्यासाठी पहिल्या महायुद्धातली सर्वांत मोठी जखम हीच. जनरल टाउनशेंडच्या हाताखाली मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकमध्ये, गेलेली ६ वी डिव्हिजन नावानेच ‘पूना डिव्हिजन’ होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या, शिवाय बॉम्बे सॅपर्सच्या कंपन्या. बगदादच्या वाटेवर टेसिफोनला नोव्हेंबर १९१५ मध्ये ती अडली, मागे फिरली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला कुत-अल-अमारा इथे तुर्कांनी तिला वेढलं. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ ला, उपासमारीने खंगलेल्या फौजेने शरणागती पत्करली. पुढे कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं. अनेक भारतीय जवानांना रास-अल-ऐनच्या बाजूला बगदाद रेल्वेच्या कामावर राबवलं, आणि कितीतरी तिथेच गेले.

पडताळणीसाठी तीन गोष्टी बघा. पलटण या तिघींपैकी आहे का? १०५, ११४ किंवा ११६ असेल तर माणूस मेसोपोटेमियात असू शकतो, पण वेढ्यातल्या पलटणींपैकी ती नव्हे. दुसरं, भरतीची तारीख. १९१६ च्या उन्हाळ्यात भरती झालेला जवान कुतमध्ये असणं शक्यच नाही. तिसरं सहज निसटतं: वेढ्यातल्या पलटणींसाठी मागून पाठवलेले जवान कुतच्या बाहेरच अडकले. त्यांना एकत्र करून मदतीला निघालेल्या फौजेत एक मिश्र मराठा पलटण केली होती. त्यांच्या कागदावर १०३ किंवा ११७ च असतं, पण ते वेढा फोडायला आलेल्या बाजूला होते. घरात सांगताना दोन्ही ‘कुतची लढाई’च होते, आणि त्यांनीही तितकंच सोसलं.

१२. ते परत आलेच नाहीत. मग बसऱ्याच्या स्मारकावर त्यांचं नाव का सापडत नाही?

कारण तिथे ते कोरलंच नव्हतं. बसरा स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे, पण भारतीयांपैकी फक्त अधिकाऱ्यांची नावं दगडावर आली. साध्या शिपायांचा पलटणीनुसार नुसता आकडा लिहिला गेला. हा भेदभाव होता, आणि कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या समितीने २०२१ च्या अहवालात तो मान्य केला.

नावं कागदी याद्यांत मात्र आहेत. कमिशनच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. पूर्ण नावाने शोधू नका. पलटण निवडा आणि नुसत्या पहिल्या नावाने बघा. ‘मराठा’चं जुनं इंग्रजी स्पेलिंग ‘महरट्टा’ असं वाचलं जाईल असं आहे, पुण्याचं ‘पूना’, खडकीचं ‘किरकी’. आडनावं बहुधा नसतातच, ‘राम जाधव’ म्हणूनही असेल आणि नुसतं ‘रामा’ म्हणूनही. नोंदीत वडिलांचं नाव आणि गाव असेल तर त्यावरून खात्री करा.

१३. दुसऱ्या महायुद्धाचे तारे आहेत. त्यावरून ते कुठे लढले ते कळेल का?

मुलूख कळतो, लढाई कळत नाही. आफ्रिका स्टारमध्ये उत्तर आफ्रिकेसोबत एरिट्रिया-अबिसीनियाही येतं. १९४१ मध्ये केरेनला २/५ आणि ३/५ मराठा लढल्या होत्या. इटली स्टार असेल तर १/५, ३/५ किंवा ५/५ कडे आधी बघा. बर्मा स्टारबाबत सावध राहा, कारण ठरावीक काळात आसाम-बंगाल भागात केलेल्या सेवेलाही तो मिळे. मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला ४/५ मराठा पॅराशूट ब्रिगेडच्या खांद्याला खांदा लावून लढली.

आफ्रिका स्टार आहे आणि १९४२ नंतर पत्रंच थांबली, असं असेल तर तोब्रुकचा विचार करा. २१ जून १९४२ ला तोब्रुक पडलं तेव्हा २/५ मराठा तिथेच होती. अनेक जण युद्धकैदी झाले, आणि घरी ‘बेपत्ता’ एवढीच तार आली.

१४. व्हिक्टोरिया क्रॉसवाले यशवंत घाडगे यांची पलटण आज कुठली?

हे उत्तर ऐकून लोक चकित होतात. नाईक यशवंत घाडगे ३/५ मराठाचे. १० जुलै १९४४ ला इटलीत वरच्या टायबर खोऱ्यात एकट्याने मशीनगनचा मोर्चा घेताना ते पडले. ही पलटण, म्हणजे १७९७ ची जुनी ११०, पुढे हवाई छत्रीची झाली, १९४७-४८ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये झांगड-नौशेरा भागात लढली आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. तीच आजची २ पॅरा. ११ डिसेंबर १९७१ ला आताच्या बांगलादेशातल्या टांगाईलला उतरली ती हीच. तेव्हा ३/५ चा इतिहास बेळगावच्या यादीत अर्धा आणि पॅराशूट रेजिमेंटच्या यादीत अर्धा सापडेल. २१ मराठाचंही तसंच, ती आता २१ पॅरा आहे.

शिपाई नामदेव जाधव यांची १/५ मात्र तीच १ मराठा राहिली. त्यांना ९ एप्रिल १९४५ ला इटलीतल्या सेनियो नदीवरच्या शौर्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

१५. कागदावर ‘१२५ नेपियर्स’ किंवा ‘१२९ बलुची’ आहे. ही नावं आज कुठेच नाहीत.

दोन्ही मुंबई फौजेच्याच. १०४, १२०, १२२, १२३ आणि १२५ या १९२२ मध्ये राजपुताना रायफल्समध्ये गेल्या. १२४, १२६, १२७, १२९ आणि १३० बलुच रेजिमेंटमध्ये गेल्या, आणि फाळणीत ती रेजिमेंट पाकिस्तानकडे गेली. त्यामुळे मुंबई फौजेतल्या पूर्वजाची पलटण आज सीमेपलीकडे असू शकते. १९४७ पूर्वीच्या युद्धांच्या डायऱ्यांपैकी, म्हणजे पलटणींनी ठेवलेल्या रोजच्या नोंदींपैकी, बरंच काही लंडनला आहे, तिथला शोध दोन्ही देशांच्या लोकांना सारखाच खुला आहे.

१६. पलटणच मोडली असेल तर तिचा इतिहास कुणाकडे?

वारस नसेल तर कुणाकडेच नाही. जवान दुसऱ्या पलटणीत गेले असतील तर त्यांचे वैयक्तिक कागद नव्या ठिकाणी जातात, पण पलटणीची स्मृती विखुरते. १११ महार हे त्याचं दुःखद उदाहरण (प्रश्न ९). अशा पलटणीचा एखादा फोटो किंवा पत्र तुमच्या घरात असेल तर आजच स्कॅन करून ठेवा.

१७. भाऊ ४१ राष्ट्रीय रायफल्समध्ये होता, पण बिल्ला मराठा लाइट इन्फंट्रीचा. खरी पलटण कुठली?

दोन्ही. राष्ट्रीय रायफल्समध्ये जवान मूळ रेजिमेंटमधून ठरावीक काळासाठी येतात. ४१ राष्ट्रीय रायफल्स मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेली आहे. सेवेचा कागद मूळ रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात राहतो. लिहिताना दोन्ही नावं सालासह लिहा.

१८. अर्ज कुणाला करायचा?

मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीत, पूना हॉर्ससह रणगाडा दलाचं अहिल्यानगरला, पॅराशूटचं बेंगळुरूला. अर्जात सेवा क्रमांक, पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव-तालुका-जिल्हा, भरतीचं साल आणि तुमचं नातं लिहा. ‘माझ्या आजोबांची सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज पुढे सरकत नाही. ‘अमुक क्रमांकाच्या जवानाची पलटण आणि सेवेच्या तारखा’ असा नेमका मागा.

पेन्शन न लागलेल्या जवानाचे कागद पंचवीस वर्षांनी नष्ट करण्याची पद्धत आहे, हे आधीच माहीत असू द्या. पेन्शन लागली असेल तर आशा बरीच जास्त. विधवा पेन्शन किंवा सवलतींची अडचण असेल तर तो विषय पलटणीच्या इतिहासाचा नाही; जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं मुख्यालय पुण्यातच, घोरपडीत युद्धस्मारकासमोर आहे.

१९. १९६५ आणि १९७१ च्या युद्धडायऱ्या बघायला मिळतील का?

संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये धोरण जाहीर केलं, की अशा नोंदी साधारण पंचवीस वर्षांत खुल्या कराव्यात आणि युद्धांचा इतिहास पाच वर्षांच्या आत संकलित व्हावा. ही जबाबदारी मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे आहे. धोरण आलं म्हणून प्रत्येक डायरी लगेच हाताशी येते असं नाही. तोवर पलटणीतले हयात ज्येष्ठ हाच सर्वांत चांगला स्रोत. १९७१ ला विशीत असलेला जवान आज सत्तरीच्या पुढे आहे. त्याचं बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर दिवाळीची वाट बघू नका.

२०. मुलांना पुण्यात काय दाखवता येईल?

घोरपडीजवळ लोकवर्गणीतून उभं राहिलेलं दक्षिण कमांडचं राष्ट्रीय युद्धस्मारक, खडकीची युद्ध दफनभूमी आणि पेरणे फाट्याजवळचा कोरेगाव स्तंभ. खडकीत दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून अधिक कबरी आहेत. हिंदू जवानांचं दहन होत असल्याने त्यांची आठवण कबरीत नव्हे तर स्मारकांवर आणि याद्यांत असते, हे मुलांना तिथेच समजावून सांगा. एक दिवस मोकळा असेल तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालयही पाहा. रेजिमेंट केंद्रांतली संग्रहालयं लष्करी हद्दीत असतात, तिथे आधी परवानगी लागते.

२१. घरच्या गोष्टीला कागदाचा आधार मिळाला नाही तर ती लिहू की नको?

जरूर लिहा, पण ‘आजी सांगायची’ असं म्हणून लिहा. पलटण एखाद्या लढाईत होती म्हणजे तुमचे आजोबा त्या दिवशी तिथे होतेच असं नाही. कुणी रजेवर असे, कुणी दवाखान्यात, कुणी केंद्रात रंगरूट शिकवत. पलटणीला मिळालेला सन्मान आणि माणसाला मिळालेलं पदक ही वेगळी वाक्यं करा. हुद्देही जसेच्या तसे ठेवा: १९६५ पूर्वीचा ‘जमादार’ म्हणजे आजचा नायब सुभेदार, तो शिपाई नव्हे.

२२. मुलगा सध्या सेवेत आहे. त्याच्या पलटणीचाही इतिहास संकेतस्थळावर टाकू का?

जुन्या लढाया, सन्मान आणि प्रसिद्ध झालेली माहिती टाका. पलटण आत्ता कुठे आहे, कधी हलणार आहे, मुलगा कुठल्या चौकीवर आहे, यातलं काहीही टाकू नका. घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही नको, आणि आधी टाकलं असेल तर काढून टाका. त्याच्या सेवेच्या तारखा आणि ठिकाणं वहीत लिहून घरात ठेवा. तो निवृत्त झाल्यावर त्याला विचारूनच काय बाहेर द्यायचं ते ठरवा.